पंचमीसाठी मका

१ ऑगस्ट १९६६, सोमवार
आजपासून रोजनिशी. एखादं काम नीट पार पाडायचं तर त्याची नोंद हवी. भूमच्या कचेरीत सव्वीस वर्षं मी हेच करत आलो आहे.
काम असं: लेक चारू पंचमीला माहेरी येईल. तिला मक्याचा कीस करून घालायचा. तिची आई तारामती करायची तसा.
तारामती गेल्या वर्षी आषाढात गेली. त्यामुळे तेव्हा सण नव्हता. यंदा आहे. यंदा अधिक श्रावण आल्यामुळे पंचमी थेट एकवीस तारखेला. तोवर कणसं भरतील. पंचांगसुद्धा अनुकूल.
कीस मला येतो. तेवीस वर्षं खाल्ला आहे.

२ ऑगस्ट
चारूला धाराशिवला कार्ड टाकलं. 'पंचमीला ये. शनिवारी सकाळच्या गाडीने निघावे. येडशीला गाडी बदलते, ते तुला माहीत आहेच. मका सांगून ठेवला आहे.'
पुन्हा वाचून पाहिलं. काही राहिलेलं नाही.
मका अजून सांगितलेला नाही. उद्या सांगतो.

५ ऑगस्ट
शेजारच्या कस्तुराबाईंना मका सांगितला. त्यांच्या बब्रुवानने विहिरीच्या कडेला चार ओळी लवकर लावल्या आहेत. पाणी दिलेला मका. कणसं दुधात आलीत म्हणाल्या.
मग विचारलं, लेकीला आणाया कोण जातंय? मी म्हणालो, येईल ती. त्या म्हणाल्या, येईल कशी? माहेरचं माणूस दारात गेल्याबिगर पंचमीला लेक निघती व्हय, पंत? मी म्हणालो, आमची चारू मॅट्रिक आहे. त्या म्हणाल्या, मग मॅट्रिकवालीला सासू नसती व्हय?
जुनी माणसं.
तारामती दर वर्षी स्वतः जाऊन तिला घेऊन यायची. तिला प्रवासाची हौस होती.

९ ऑगस्ट, संध्याकाळी
पहिली ट्रायल. कणसं बाजारातली. निबर निघाली. किसणीवर दाणे जाईनात, बोटं गेली. उजव्या हाताची दोन. कचेरीत विचारपूस झाली. दाराच्या फटीत सापडली म्हणून सांगितलं.
निष्कर्ष: दोष मालात आहे.

१२ ऑगस्ट
दुसरी ट्रायल. बब्रुवानची कणसं. नख लावलं की दूध येतं. उत्तम माल.
फोडणीत मोहरी, हिंग, मिरची. त्यावर कीस. पुढं तारामती दूध घालायची की ताक, यावर थोडा वेळ विचार केला. तेवढ्यात खाली लागला. पातेल्याचा तळ पातळ आहे. हे मी तिला पूर्वीच सांगायला हवं होतं.
बब्रुवान कणसांची पाटी परत न्यायला आला होता. त्याला वाटीभर दिला. त्याने दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, झाक झालंय पंत, पण घरी भाकरी वाट बघतीय.
साधा माणूस. नव्या चवीची सवय नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी झेंडावंदन. नंतर तिसरी ट्रायल.
दूधच. ताक नव्हे. ओलं खोबरं शेवटी, आणि झाकण ठेवून मंद आच. आज जमलं. वास अगदी तसा.
पातेलं पुढं घेऊन बसलो. खाल्लं नाही. दुपारी कस्तुराबाईंच्या गाईला घातलं.
चारूचं उत्तर नाही. येणारं माणूस उत्तर लिहीत बसत नाही. येणार नसती तर लिहिलं असतं.

१६ ऑगस्ट
स्वतः जाऊन तिला आणावं का, याचा नीट विचार केला.
अडचणी: महसुलाचा तक्ता या महिन्यात जायचा आहे. गुडघा. सणाच्या गाड्यांना गर्दी. शिवाय मी गेलो आणि ती इकडे निघाली, तर वाटेत चुकामूक.
वर्षश्राद्धाला जावयांबरोबर आली होती. जेवली आणि दुपारच्याच गाडीने परत. माझ्याशी बोलली नाही असं नाही. मीठ पुढं करा म्हणाली होती. संसारात रमली आहे. चांगलं लक्षण.
मागच्या वर्षी आषाढात मी तिला लिहिलं होतं, 'आईची प्रकृती सुधारत आहे. घाईने निघू नये.' तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं होतं. औषध बदललं म्हणजे सुधारणा धरायला हरकत नव्हती. पत्र तारखेनिशी बरोबर होतं. यावर चारूने मला कधी काही विचारलं नाही. म्हणजे तिलाही ते पटलेलं असावं.
ठरलं. जायचं नाही.

१८ ऑगस्ट
किसणी घासताना कस्तुराबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, कशाची तयारी? मी म्हणालो, पंचमीची. त्यांनी कपाळाला हात लावला. पंचमीला किसत न्हाईत, पंत. चिरत न्हाईत, भाजत न्हाईत, तवा ठिवत न्हाईत. उकडायचं फकस्त. तेवीस वर्षं पंचमीला काय खाल्लंसा घरात?
आठवलं. पुरणाची उकडलेली दिंडं खात होतो. कीस पंचमीच्या दुसऱ्या दिवशी व्हायचा.
म्हणजे तीन ट्रायली चुकीच्या दिवसासाठी.
जाता जाता त्यांनी पुन्हा तेच काढलं. उद्या सकाळच्या गाडीनं जावा, म्हणाल्या. कणसाचं मी बघते. पोरीला आईचं माहेर ऱ्हायलं न्हाय आता, बापाचं तरी कळू द्या.
मी म्हणालो, गुडघा.
त्या म्हणाल्या, झेंड्याला तासभर हुबा हुता की गुडघा.

१९ ऑगस्ट
नवा प्लॅन. पंचमीला अख्खी कणसं उकडायची. चिरणं नाही, भाजणं नाही. दुसऱ्या दिवशी सोमवारी कीस. म्हणजे चारूला एक दिवस जास्त राहावं लागेल. यात फायदाच आहे.
सोमवारची रजा टाकली. तिच्याशी बोलायला वेळ हवा. काय बोलायचं ते आयत्या वेळी सुचेल.

२० ऑगस्ट, शनिवार
सकाळपासून स्टँडवर. येडशीकडून तीन गाड्या आल्या. तिन्ही पाहिल्या.
पुष्कळ मुली उतरल्या. प्रत्येकीच्या मागं ट्रंक घेतलेला भाऊ, नाहीतर बाप. एकीच्या मागं तर सत्तरीचा आजोबा, काठी टेकत. एकटी एकही नाही.
आमच्या भागात शिक्षणाचा प्रसार अजून व्हायला हवा.
चारू उद्याच्या पहिल्या गाडीने निघेल.

२१ ऑगस्ट, पंचमी
अकरा कणसं उकडली. मीठ बेताचं. चांगली झाली.
पहिली गाडी आली. दुसरी आली. तिसरीची वाट पाहिली नाही. सणाला तिसरी कधीकधी येत नाही.
कस्तुराबाईंची लेक गौरा माहेरी आली आहे. बब्रुवान परवा जाऊन घेऊन आला. झोक्यावरून उतरून ती आमच्याकडं आली आणि दोन कणसं खाल्ली. काका, मऊ झालीत म्हणाली. आणखी दोन बांधून दिली. चारू अन् मी एकाच झोक्यावर असायचो, म्हणाली. मला ते माहीत नव्हतं.
कस्तुराबाई आल्या, उरलेली कणसं बघितली. वर फडकं टाकून गेल्या.

२३ ऑगस्ट, मंगळवार
काल धाराशिवला जाऊन आलो. रजा मंजूर होतीच.
चारूने दार उघडलं. पाया पडली. पाणी दिलं. चहा ठेवायला आत गेली, तेव्हा विहीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, शुक्रवारपासनं ट्रंक भरून बसली होती पोर. टांगा वाजला की दारात. कार्ड आल्यावर मीच म्हणलं, माझा लेक सोडून येईल तुला. तर म्हणाली, न्हाय, बाबा येतील.
चारू चहा घेऊन आली. मी म्हणालो, आता चल. ती म्हणाली, आता कशाला बाबा, पंचमी झाली.
मग मी मक्याचं सांगितलं. निबर कणसांचं, पातेल्याचं, बब्रुवानचं. ती ऐकत होती. बब्रुवानच्या भाकरीला थोडी हसली. आईसारखं हसते. हात पुढं करा म्हणाली. बोटं बघितली. खपली धरली आहे, म्हणाली.
हात तिच्या हातातच होता, तेव्हा तिने विचारलं. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा आई खरंच सुधारत होती? शेवटी माझं नाव काढलं का तिनं?
मी म्हणालो, झोपेतच गेली. कुणाचंच नाव काढलं नाही.
ती बरं म्हणाली. हात सोडला. कप उचलून आत गेली.
परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली.

त्याच दिवशी, पुन्हा
तारामती शेवटचे तीन दिवस विचारत होती, चारू आली का. मी दर वेळी सांगत होतो, गाडीत बसली आहे.