चेनीत अडकलेला हिरवा काठ

प्रिय यशोधरा,

हे पत्र माह्याच हातचं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नको, तूच शिकवलंस. दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही हे, अन् तुह्या बापाले तर मुळीच दाखवू नको.

तुले मागणी घातलेला तो गुडीहत्नूरचा दौलत, मंडल ऑफिसातला कारकून, रविवारी घर पाहाले आला होता. होकार-नकार चंपतनं, तुह्या बापानं, माह्यावर सोपवला आहे, म्हणून मी त्याले आल्यापासून निरखून राह्यली होती. पोरगा लाजरा, पण मले लबाड वाटला. मले विचारते, नात शिकवते ती शाळा नेरडीगोंड्याले म्हणता, ते गाव कोणत्या रस्त्यानं लागते? हायवेवरचं गाव, अन् ऑफिसात बसणाऱ्याले ठाऊक नाही? मग मीच विचारलं, तुह्या फटफटीवर बाईमाणूस बसते का. म्हणे एकही नाही, कधीच नाही, मायसुद्धा बसनं जाते. मी विचारलं एक, त्यानं सांगितलं तीन.

निघताना पाहते तर गाडीचं मागचं चाक बसलेलं. आपल्या मावल्यातलं पंक्चरचं दुकान बंद. अंगणातच बाह्या सारून चाक काढाले बसला. मी सुपात ज्वारी पाखडत समोर बसली. गाडी स्टँडवर चढवली, ब्रेकची सळई सोडली, नट ढिला करून आस ओढून काढला. हात चांगला आहे त्याचा, ते कबूल. पण चाक निघेना, चेन आतून अडलेली. म्हटलं, ते चेनीवरचं झाकण खोल की. म्हणे, गरज नाही आजी. अर्धा घंटा घाम गाळला, झाकणाले हात लावला नाही. शेवटी पाना मी उचलला, तेव्हा कुठं त्यानं बोल्ट काढले. आत दात्यांच्या चक्राभोवती ग्रीसनं काळाठिक्कर पडलेला लुगड्याचा हातभर काठ.

म्हणे गाडी पुसाचं फडकं आहे. फडक्याले काठ असते होय? म्हटलं, बाईचं नाव सांग, नाही तर सोयरीक इथंच मोडली. त्यानं ट्यूबले ठिगळ लावलं, चाक बसवलं, हात धुतले, माह्या पाया पडला अन् म्हणाला, "मोडा आजी. पण नाव मले विचारू नका." गेला.

मग मी तो काठ राखेनं घासला. काळं गेलं तसा हिरवा निघाला, अन् आतून पिवळ्या दोऱ्याचे टाके. तू नोकरीवर रुजू झालीस त्या दिवशीच्या साडीचा फॉल मी लावला होता, अन् घरात हिरवा दोरा नव्हता. माह्या टाक्याले मी ओळखणार नाही का? तुकडा पाकिटात टाकला आहे, जुळवून पाहा. मागणी आली तेव्हा तू म्हणालीस, आजी म्हणेल तसं. तोही तुह्याच शाळेत शिकला दिसते, खोटं धड बोलता येत नाही. पण सोयरीक गेली तरी त्यानं तुहं नाव घेतलं नाही, ते मले पटलं. आता आजी म्हणते, येत्या रविवारी ये अन् बापासमोर आपल्या तोंडानं सांग. तू बोललीस की मी गुडीहत्नूरले निरोप धाडते. नाही बोललीस तर मोडलं ते मोडलं. अन् यापुढं बसशील तर निऱ्या सावरून बस.

तुहीच, डोळे अजून शाबूत असलेली,
पंचफुला आजी