कापड नसलेला तारा

७ डिसेंबर, रविवार
उपासनेत बायबलचा धडा मीच वाचला. शेवटी सूचनांच्या वेळी दानियलमामा उठले. आईचे सख्खे भाऊ, आणि मंडळीचे पंच. नव्या पक्षाचे उमेदवार चर्चच्या अंगणात पत्र्याची शेड देणार म्हणे. "तवा आपली सारी मतं एका जागी पायजे." पाळकसाहेब खाली बघत राहिले.
मी उभी राहिले. आमच्यात बाई उभी राहते ती वाचायला, नाहीतर साक्ष द्यायला. म्हटलं, "मामा, मत मशिनीत टाकतेत, दानपेटीत नाई."
मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं.
मामा : "बी.ए. झाली म्हून पंचाले शिकवशीन काय?"
हो, शिकवीन. (हे फक्त वहीत.)
या वहीत पक्षांची नावं येणार नाहीत. एक नवा, एक जुना. बस.

१३ डिसेंबर, शनिवार
नाताळचा तारा चढवला. बांबूची चौकट जुनीच, बानं बांधलेली. दर वर्षी वर पांढरं कापड असतं, राजुऱ्याचे रफिकचाचा शिवून देतात. यंदा कापड मामांनी नेऊन दिलं. तारा आणायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, "इलेक्शन है बेटा, झेंडे शिवून शिवून बोटं गेले." तेव्हाच कळायला हवं होतं.
अंधार पडल्यावर आतला बल्ब लावला. ताऱ्याच्या पाचही टोकांत नव्या पक्षाचं चिन्ह उजळलं! मामांनी दिलेलं कापड म्हणजे पक्षाचे उरलेले झेंडे. छापाची बाजू आत करून शिवलेले, दिवसा काही दिसत नव्हतं.
मामांनी मान वर करून पाहिलं. मग म्हणाले, "आता लागला तं लागला. देवाची मर्जी."

१५ डिसेंबर, सोमवार
शांताबाईंच्या वावरात कापूस वेचायला गेले. ओळीतूनच त्यांनी हाक मारली, "काय वं, तुमचा देव कोन्त्या पक्षात गेला?"
"त्यानं अजून फॉर्म नाई भरला, बाई."
साऱ्या बाया हसल्या. मीही. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. मोबाइलवर ताऱ्याचा फोटो, खाली लिहिलंय, 'चर्च आपलं'. आपलं म्हणजे कोणाचं?
कापड काढा म्हटलं, तर पाळकसाहेब म्हणतात, पंचांशी बोल. पंच म्हणतात, नाताळ होऊ दे.

१६ डिसेंबर, मंगळवार
शिडी काढली. वाटलं बा अडवेल. त्यानं बिडी विझवली. "मी धरतो. तुही चप्पल काढ, सटकशीन."
चर्चवर चढून सगळं कापड उसवलं. नीट घडी केली, मामांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. मामा ओरडले. मीही ओरडले. "तुमी चर्च विकलं" असं मी म्हणाले. मामी ऐकत होती.
मामा : "नाताळचा धडा तू नाई वाचायचा. माफी मागतपर्यंत इथी पाय ठेवू नोको."

१८ डिसेंबर, गुरुवार
जुन्या पक्षाचे विलासभाऊ पेढे घेऊन दारात. "शाब्बास ताई! तुमी लोक आमचेच, आमाले मालूमच होतं." त्यांच्या मोबाइलवर शिडीवरची मी, कोपऱ्यात त्यांचं चिन्ह. 'आमची वाघीण'.
"भाऊ, मी कापड काढलं. बदललं नाई."
"राहू द्या ना. फोटू मस्त आला."
"काढा आधी. तोवर मी दारातून हटत नाई."
काढला. पेढे परत दिले. पण तोवर फोटो कोरपन्यापर्यंत पोचला होता. मामांनी पाहिलाच असणार. आता काहीही सांगितलं तरी मी जुन्या पक्षाची.
नाही. नाहीच.

२५ डिसेंबर
धडा मामांनी वाचला. चष्मा लावूनही दोनदा अडखळले. मला पाठ होता. ओठ मिटून बसले.
वर नुसता बांबू आणि बल्ब. दुसरं कापड कोणी आणलं नाही. पण कोणी बल्ब विझवलाही नाही.

४ जानेवारी, रविवार
प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायची. आमच्या मंडळीचा जुना रिवाज आहे. भाकर मोडायच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कोणाचं कोणाशी वैर आहे का. असेल त्या दोघांनी बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन मिटवायचं. ते परत येईपर्यंत बाकीचे गीत म्हणतात. तोवर कोणीच जेवत नाही.
पाळकसाहेबांनी विचारलं. मग मामा उठले. मागोमाग मी.
मोहाखाली मामा म्हणाले, "बोल."
"तुमी चर्च विकलं असं मी म्हणाले, ते चुकलं. त्याची माफी."
"आन् कापड?"
"कापडाची नाई."
"साऱ्या गावात माही इज्जत उसवली तू."
"मी झेंडा उसवला, मामा. तुमाले नाई."
मामा मोहाच्या खोडाची साल नखानं सोलत राहिले. आत गीत संपलं, पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झालं. "खरं सांग, मत कोनाले देशीन?"
"ते मी बाले बी नाई सांगितलं."
मामांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मग पुन्हा दगड. "धडा मीच वाचीन."
"वाचा. कापड चढवलं तर मी पुन्हा चढीन."
गीत तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा पाळकसाहेब दारात आले. आमच्या दोघांकडे बघितलं, आत गेले आणि भाकरीवर पांढरा रुमाल झाकला. पुढच्या रविवारी, म्हणाले. आज सगळी मंडळी उपाशी परतली, आमच्यामुळे. मामी माझ्याकडे न बघता गेली.
फाटकाशी मामा थांबले. पाठ फिरवूनच म्हणाले, "रविवारी येशीन ना?"
"येईन."
माफी तेवढीच नेणार आहे, आज नेली होती तेवढी.