काचेवरची तांबडी कीड

अण्णा, खाऱ्या पाण्यातला मासा सांगलीत घरात पाळता येतो, हे तुम्हाला पटलंच नसतं. "कृष्णामाई उशाला असताना मिठाचं पाणी कशाला गं?" असंच म्हणाला असता. तुम्ही गेलात त्या वर्षी घर खायला उठायचं, म्हणून मी काचेची टाकी आणली, पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं, जिवंत पोवळी लावली आणि एक नारिंगी मासा सोडला. तेव्हापासून तो माझ्या चिमटीतून खायचा. कालपर्यंत.

परवा पोवळ्यांवर गंजासारखे ठिपके दिसले. शेवाळ असेल म्हटलं, तर ठिपका सरकला. तुमचं द्राक्षाची पानं तपासायचं भिंग काढून काचेला लावलं. तांदळाच्या कणीएवढा चपटा किडा, शेपटीला दोन टोकं, आणि असे शेकडो. अंगावर काटाच आला. नव्या पोवळ्याबरोबर आले असणार. ते पोवळ्यावर पसरतात, उजेड अडवतात, मग पोवळं मरतं. मासेवाल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी बारक्या नळीनं निघतील तेवढे ओढून काढा. लागू देत दोन-चार दिवस. मग औषध. औषधानं माशाला काय होत नाही, पण हे किडे मरताना विष सोडतात."

नीट ऐकलं मी, अण्णा. आणि नळी हातात घेतली, तर तासगावची बाग डोळ्यांपुढं उभी. मी तुमची लेक, परकर-पोलक्यातली, वेलीवरच्या अळ्या वेचून डब्यात टाकतेय, आणि तुम्ही पाठीवर औषधाचा पंप घेऊन येताय. "आगं ए, हातानं येचून बाग राखत्यात व्हय? एक दिसली म्हंजे हजार हायती. आजच्या आज समदी बाग धुऊन काढायची, आन मापाला हात आखडायचा न्हाई." बागेतली सगळी माणसं हसली. मी डबा तिथंच टाकून घरी पळाले.

काल मी नळी बाजूला ठेवली आणि त्याच दुकानातून आणलेलं औषध टाकीत ओतलं. मापापेक्षा थोडं जास्तच.

घटकाभरात किडे गिरक्या खात काचेवरून सुटायला लागले. मी खूश झाले, बघा. बागेत मेलेली कीड मातीत पडते, वर वारा असतो. टाकीतलं विष जाणार कुठं? हे मला सुचलं तेव्हा मासा आडवा झाला होता. तोंड उघडतोय, मिटतोय. त्याला ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घेतलं, हवेची नळी सोडली, टाकीत विष शोषायला कोळशाची पिशवी टाकली, निम्मं पाणी बदललं. दुपारी तो गेला. आज सकाळी मी त्याचं खाणं चिमटीत घेऊन टाकीपाशी उभी, आणि मग आठवलं.

"मासाच होता गं," हे म्हणाले. मासा गेल्याचं लय वाईट वाटतंय, पण धक्का बसलाय तो वेगळाच. जिवंत माणूस फोनवर समजावून सांगत होता, आणि मी ऐकलं तुमचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी. तुम्ही होता तोवर तुमच्यापुढं ब्र काढायची माझी छाती नव्हती. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तुम्हाला पोचायचा नाही. तुमचं चुकलं होतं, अण्णा. एवढं लिहायलासुद्धा मी दार लोटून घेतलंय.