एव्हारिस्तोला दाखवायचा नकाशा

३ जून, सकाळ. कॉन्सेप्सिऑन, चिली
माझा जुना सहकारी एव्हारिस्तो चिय्यानच्या इस्पितळात आहे, असं कळलं. फुप्फुसं. बसनं दीड तास. उद्याच निघणार होतो, पण रिकाम्या हातानं का जायचं? ताऱ्यांमधल्या आपल्या काळ्या ढगाचा नवा नकाशा शुक्रवारी अटाकामातल्या दुर्बिणीकडून येतोय. तो घेऊनच जावं. सात वर्षांचा अबोला रुबाबात सुटला पाहिजे.
भांडण मी केलं नव्हतं. भर परिषदेत त्याला फक्त आंधळा म्हणालो होतो.

४ जून
उजळणी. ढग दोऱ्यासारखा लांबलचक. स्वतःच्याच वजनानं तुटतो, त्याचे गोळे होतात, गोळ्यांतून तारे. माझं म्हणणं: गोळे नऊ, सारख्या अंतरावर. एव्हारिस्तोचं म्हणणं: ढगाच्या हातात पट्टी कुणी दिली? सगळं हसण्यावारी नेणं हा त्याचा जुना दोष. नकाशा बघून रडेल बिचारा. मोठ्या मनानं माफ करायचं ठरवलंय. आजपासून साखर बंद.

७ जून, दुपार
नकाशा आला. रायेन, माझी विद्यार्थिनी, आधीच बघून बसलेली. म्हणाली, "सर, गोळे पाचच आहेत. त्यातले चार एका टोकाला गर्दी करून बसलेत."
दुर्बिणीत बिघाड. तक्रार पाठवली. चहात तीन चमचे साखर.

८ जून
एदेल्मिराचा फोन. एव्हारिस्तोची बायको. म्हणाली, "भाऊजी, ते सारखी तुमची आठवण काढतात. या ना." बुधवारी नक्की येतो म्हटलं. बुधवारपर्यंत बिघाड निघेल.

११ जून
बिघाड नाही म्हणे. उत्तर उद्धट. पण मला सुचलं! ढग आपल्या दिशेनं कललाय, म्हणून गोळे जवळजवळ दिसतात. रायेननं हिशेब केला. म्हणाली, मग ढगाला गाठच मारावी लागेल, सर. हल्लीच्या मुलांना आदर नाही. बुधवार रद्द.

१४ जून
दोन गोळे गोंगाट, म्हणजे यंत्रातल्या खोट्या खुणा, समजून वगळ, असं रायेनला सांगितलं. म्हणाली, "त्यातल्या एकात तारा पेटलाय, सर. तारा कसा वगळू?" मग हळूच म्हणाली, "चिय्यानला जाऊन या ना. नकाशा राहू दे." तुला त्यातलं काही कळत नाही, असं सुनावलं. ती रडली.

१६ जून, रविवार
फक्त या वहीत: त्याचं बरोबर होतं. उद्या सकाळच्या बसनं जाऊन सांगायचं. वाक्य तयार आहे: "बहुतांशी तुझं बरोबर होतं." 'बहुतांशी' ठेवावं.

१७ जून
'बहुतांशी' काढलं.
बस सुटायच्या आधी एदेल्मिराचा फोन आला. पहाटे गेला.

१९ जून, चिय्यान
दफनानंतर सगळे त्याच्या घरी. एदेल्मिरानं मला शेजारी बसवून घेतलं. म्हटलं, वहिनी, एव्हारिस्तोचं बरोबर होतं. तिनं विचारलं, "कशात?"
तिला आमच्या भांडणाचं ठाऊकच नाही. दर नाताळला ती म्हणायची, लिसांद्रोभाऊजींना जेवायला बोलवू या. आणि दर नाताळला एव्हारिस्तो सांगायचा, लिसांद्रो ढगाच्या फार मोठ्या कामात आहे, त्याला आत्ता त्रास नको.
माझा हात धरून म्हणाली, "झालं का हो ते काम?"
झालं, म्हणालो.