जानेफळच्या साखरपुड्यातलं मीठ

मेहकर,
रविवार

तीर्थरूप हिंमतमामांना,

तुमच्या प्रतीक्षाचा अगदी वाकून नमस्कार. (हात साबणाने धुऊन बसले आहे, तरी कागदाला कांद्याचा वास आलाच तर तो माझ्या शिक्षणाचा समजावा.) गुडघा कसा आहे? मामींची बीपीची गोळी रोज चालू आहे, की बरं वाटलं म्हणून पुन्हा बंद? म्हैस व्याली असेल तर खरवस पाठवायला हरकत नाही, सुलतानपूरहून एस.टी. येतेच.

तुम्ही फोन करता तेव्हा आई बोलते आणि मी तिचे ओठ बघते. पण तुमची लांबलचक वाक्यं ती मला 'काही नाही, इचारून राह्यला' एवढ्यात गुंडाळून देते. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. (सातव्या वर्षी तापात माझे कान गेले आणि जीभ राहिली. उलटं झालं असतं तर घरात शांतता नांदली असती, असं आई म्हणते. ते मला ऐकू आलेलं नाही, दिसलेलं आहे.)

मामा, आमच्या केटरिंगच्या क्लासची पहिली ऑर्डर पार पडली! जानेफळला, साखरपुडा, अख्खी पंगत! मला अजून एका जागी बसवत नाही. पण आधी संघर्षबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही. आमच्या क्लासात निम्मी मुलं आमच्यासारखी आणि निम्मी धडधाकट, असा सौमित्र सरांचा हट्ट. वेगळं बसवायचं नाही, वेगळं शिकवायचं नाही, कांदा सगळ्यांना सारखाच रडवतो म्हणतात. तर या सरांनी पहिल्याच दिवशी मला आणि संघर्षला एका शेगडीवर उभं केलं. संघर्षला जन्मापासून दिसत नाही. आता बघा. तो बोलायचा ते कढईकडे तोंड करून, त्यामुळे मला ओठ दिसायचे नाहीत. मी उत्तर द्यायची ते मान हलवून, ते त्याला दिसायचं नाही. तो समजायचा ही बाई गर्विष्ठ, मी समजायची हा माणूस घुम्या. असा पहिला आठवडा आम्ही एकमेकांशी भांडलो, आणि भांडतोय हे दोघांनाही माहीत नव्हतं! शेवटी सरांनी ठरवून दिलं: बोलायचं असेल तर संघर्षने आधी माझा अ‍ॅप्रन ओढायचा आणि माझ्याकडे वळायचं, आणि मी मान न हलवता मोठ्याने होकाराचं 'हाव' म्हणायचं. (माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही. शेजारच्या टायपिंगच्या क्लासातून एकदा चौकशी आली होती.)

तर जानेफळ. टेम्पोतून गंज-पातेली, झारे, शेगड्या आणि आम्ही असे उतरलो. यजमानीण झुंबरबाई, म्हणजे नवरीची आजी, अंगणात खाट टाकून बसलेली. तिने संघर्षची पांढरी काठी पाहिली, माझ्या कानातलं मशीन पाहिलं (ते फक्त हॉर्न वगैरे ऐकवतं, पण दिसतं मोठं), आणि सरांना म्हणाली, "मास्तर, मी आचारी सांगतले होते, पुण्य नाही सांगतलं."

सरांचा चेहरा पडला. सुवर्णा, आमच्या धडधाकटांपैकी, रागाने फुगली. तेवढ्यात झुंबरबाईने गल्लीतल्या हरिओम आचाऱ्याला बोलावून आमच्यासमोर खुर्चीवर बसवलं. आमचं बिघडलं की त्याने हात घालायचा! तो पाय लांब करून, तंबाखू मळत, पोटभर आशेने आमच्याकडे बघत बसला.

आणि मामा, बिघडलंच. वांग्याच्या भाजीचा मोठा गंज आमच्या दोघांकडे होता. मी मीठ घातलं. संघर्षने अ‍ॅप्रन ओढून विचारलं, "मीठ टाकलं काय वो?" आणि मी, त्या खुर्चीकडे लक्ष असल्यामुळे, जुन्या सवयीने मान हलवली. त्याला 'हाव' ऐकू आलं नाही. त्याने गंजाकडे तोंड करून पुन्हा विचारलं म्हणे, ते मला दिसलं नाही, म्हणून त्याने पुन्हा मीठ घातलं. मापात, नीट, सरांनी शिकवल्याप्रमाणे. चव घेतली तर जीभ गोळा झाली. हरिओम आचारी खुर्चीवर पुढे सरकला. (त्याला वास आला असावा, आमच्या भीतीचा.)

मला वाटलं, संपलं. आता उभा जन्म घरी बसून वाती वळायच्या. सरांना सांगायला मी वळले, तर संघर्षने माझा हात धरून मला थेट झुंबरबाईच्या खाटेपाशी नेलं, म्हणजे मी त्याला नेलं, पण ओढत तो होता. आणि सरळ म्हणाला, "आजी, भाजीत मीठ दोनदा पडलं. तुमच्या वावरात वांगे असतीन तं द्या. बिनमिठाची अजून तेवढीच भाजी टाकतो अन् मिळवून घेतो."

आजीने विचारलं, "दोनदा कसं पडलं?"

"हिनं मान हलवली, मले दिसली नाही. मी पुन्हा इचारलं, ते हिले ऐकू आलं नाही."

त्याचे एवढे ओठ वाचले आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तर झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग पदर बाजूला करून म्हणाली, "बाप्पा! माह्या घरी लेकाले अन् सुनेले दिसतेही अन् ऐकूही येते, तरी मीठ दोनदा पडते. अन् सांगाले कोणी येत नाही." आणि तिने लेकाला पोतं देऊन वावरात पिटाळलं.

मग काय विचारता! हरिओम आचाऱ्याच्या हातात तिने स्वतः विळी दिली ("बसून काय राह्यला, चिर!"), संघर्षने फोडणी टाकली, मी इतक्या जोरात 'हाव, हाव' करत होते की नवरीकडची पोरं बघायला जमली. भाजी झाली दुप्पट. एवढी कोण खाणार म्हणून सर डोकं धरून बसले, तेवढ्यात नवरदेवाकडची मंडळी आली. सांगितली होती एक जीपभर, आले दोन ट्रॅक्टर भरून! वरण संपलं, जिलबी संपली, पण भाजी पुरली. मामा, शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली! नवरदेवाचे काका सरांना म्हणाले, अंदाज असावा तर असा. सर नुसते हसले. निघताना झुंबरबाईने बारशाचीही ऑर्डर आत्ताच देऊन टाकली. (अजून लग्न व्हायचं आहे, पण तिचा अंदाजही चांगला दिसतो.)

टेम्पोत परत येताना संघर्षने अ‍ॅप्रन ओढला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आपली जोडी खारी हाय, पण टिकाऊ हाय." अंधारत आलं होतं, तरी मी ओठ वाचले. तुम्हाला एवढंच सांगते. आईला सांगू नका.

आणि पुढच्या बॅचला सरांनी मला मदतनीस शिक्षिका म्हणून ठेवायचं ठरवलं आहे. पगारी! मामींना गोळी घ्यायला सांगा.

तुमची लाडकी (आणि आता पगारी होणारी) भाची,
प्रतीक्षा

ता.क. – पुढची बॅच सुरू झाली तरच मी शिक्षिका. जानेफळची बातमी पसरल्यापासून आमच्यासारख्यांची रांग लागली आहे, पण धडधाकटांच्या जागा रिकाम्या. 'तो त्या पोरांचा क्लास हाय' म्हणून आईबाप पाठवत नाहीत. आणि निम्मे-निम्मे झाल्याशिवाय सर सुरू करणार नाहीत. मामा, आपला हर्षल बी.ए. होऊन घरीच आहे ना? पाठवता का? मी सरांशी बोलले आहे. त्याला काहीच झालेलं नाही हे मी लपवलं नाही. सर म्हणाले, हरकत नाही, सांभाळून घेऊ.

ता.क. २ – इतक्या वेगळ्या मुलांत आपला पोरगा रुळेल का, ही काळजी मामींना वाटेल. साहजिक आहे. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याकडे टक लावून बघतील, कुजबुजतील, बिचारा म्हणतील. पण संघर्ष टक लावून बघणार नाही आणि मला कुजबूज ऐकू येणार नाही, एवढी खात्री आम्ही दोघं देतो.