आवरून ठेवलेलं रक्त

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं रक्त मोजून झालं. आमच्या प्रयोगशाळेत नळीवर नाव नसतं, आकडा असतो. आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. तुलनेला माझं रक्त होतं. आकडे उघडले, तर दोघींच्या पेशी साखरेपासून सारखीच ताकद बनवत होत्या. चार वर्षं अंथरुणाला खिळलेली तू आणि दिवसभर जिने चढणारी मी, काही फरक नाही.

साहेब म्हणाले, हा थकव्याचा आजार नसावा, औषधाच्या चाचणीतून ताईंचं नाव काढावं लागेल. रक्त देण्याआधी तू काय काय केलंस ते कळव. भावोजींना नमस्कार. रागावू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुकड्यातुकड्यांनी वाचलं. मधेच डोळा लागायचा आणि तुझी वाक्यं स्वप्नात पुढे चालू राहायची.

रक्त तुझ्या साहेबांपुढे जाणार म्हटल्यावर वाटलं, तुझं नाक कापलं जायला नको. म्हणून आठवडाभर पडदे ओढून निजून राहिले. केस विंचरले नाहीत, ह्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. पाहुणे यायचे म्हणून घर आवरतो, तसं रक्त आवरून ठेवलं. मी मुलांना पोहायला शिकवायचे तेव्हा कधी कधी तळाशी जाऊन वर बघायचे. काठावरची माणसं हलायची, आवाज यायचा नाही. तसंच वाटत होतं, आणि खरं सांगू, फार बरं वाटत होतं.

हे म्हणतात, परीक्षेआधी झोपा काढणारी तूच पहिली. माणूस भला आहे. पण शेजारच्या काकूंनी विचारलं की मला जरा कंटाळा आलाय, असं सांगतात. चार वर्षांचा कंटाळा. आता तुझ्या यंत्रानेही तेच म्हटलं, तर मी कुणाला काय सांगू? हात भरून आला, थांबते. वेळेवर जेवत जा आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून आधी हसले, मग रडले. उभ्या गाडीचं इंजिन तपासलं आम्ही. येण्याआधी विश्रांती घेऊ नका, हे कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं. आता इतर रुग्णांना विचारलं, तर बरेच जण तुझ्यासारखेच शहाण्यासारखे निजून आले होते. साहेब ओशाळले. श्रमाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलंय.

पण त्या श्रमाने तू किती आठवडे आडवी होशील, सांगता येत नाही. संशोधक म्हणून मला ती नळी हवी आहे. बहीण म्हणून सांगते, नको देऊस. काहीही ठरवलंस तरी मी तुझीच आहे.

तुझी,
धाकटी

९ एप्रिल

चि. मेहुणीबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ताईला लेखणी धरवत नाही, म्हणून मी लिहितोय. रक्त द्यायचंच असं तिने ठरवलं आणि आदल्या दिवशी ती एकटी तलावापर्यंत चालत गेली, पाण्यात पाय सोडून बसली आणि चालत परत आली. गाल लाल झाले होते, गुणगुणत होती. मला वाटलं, झालं, बरी झाली. दुसऱ्या दिवशी नर्स रक्त घेऊन गेली, आणि तेव्हापासून मी चमच्याने भरवतोय. पडद्यातून येणारा उजेडही तिला सोसत नाही.

तुझं निकालाचं पत्र मी तिला हळू आवाजात वाचून दाखवलं. रक्तात साखर होती, पण पेशींना तिची ताकद करता आली नाही, हे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. चाचणीत नाव आलं. गोळी खरी मिळेल की नुसती खडूची, हे कुणालाच कळणार नाही म्हणतेस, तेही तिला सांगितलं. ती झोपेतल्यासारखी हसली.

खरं तर निकाल येण्याआधीच मला दिसलं होतं. चार वर्षं एकाच घरात राहून दिसलं नव्हतं, याची लाज वाटते.

काल काकूंनी दारात विचारलं. मी म्हणालो, ती आजारी आहे. आत गेलो, तर डोळे न उघडता तिने मला ते पुन्हा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हणालो.

दोघांवर जीव असू दे.

तुझे,
भावोजी