बंद दाराआडचा प्रेक्षक

तीर्थरूप बाबांना,

उद्या माझा पीएच.डी.चा व्हायवा. निवृत्त प्राध्यापक म्हणून तुम्ही पहिल्या रांगेत बसाल आणि परवा काकासमोर विचारलात तेच सगळ्यांसमोर विचाराल, "कोरियन मालिका बघून बायका रडतात, यात संशोधन कसलं?" नातेवाइकांना तर तुम्ही परस्पर सांगून मोकळे झालात, की पोरगी प्राचीन नाटकांवर काम करतेय.

विचारा, खुशाल विचारा. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेय.

मागच्या महिन्यात मी एका दुपारी न कळवता घरी आले होते. तुमच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून कोरियन संवादांच्या वर चढलेला तुमचा आवाज आला, "अगं वेडे, सही करू नकोस! फसवतोय तो तुला!" तिनं सही केली असावी, कारण मग तुम्ही बराच वेळ नाक शिंकरत होतात. आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही माझ्यासमोर रडला नव्हतात. मी पाण्याचा घोटही न घेता तशीच परत फिरले.

सबंध प्रबंधात याहून भक्कम पुरावा मला मिळाला नसता. तरी तो मी घातलेला नाही. परवानगीशिवाय प्रेक्षकाचं बोलणं वापरायचं नाही, हा आमच्या या थिल्लर विषयातला पहिला नियम आहे. म्हणून हे पत्रही पाठवत नाही.

पण प्रश्न विचारायला परवानगी लागत नाही, बाबा. उद्या तुम्ही तोंड उघडलंत, तर मी भर सभेत नम्रपणे विचारेन, "सर, तुम्ही कितव्या भागापर्यंत आलात?"

तुमच्यावरच गेलेली,
तुमची हट्टी लेक